ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीचं संपर्कसत्र कधी घ्यायचं?

पाटकरी (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. गेली अकरा वर्षं दर रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक (मार्गदर्शक शिक्षक) म्हणूनही जातो. आज जे घडलं त्यावर इथे अनुभवी लोकांचं मत हवं आहे, म्हणून हा धागा.

केंद्रावरचं काम आटोपल्यावर बीए दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मागे थांबली. वय वीस-एकवीस. म्हणाली, "सर, आता मी एकदम पाडव्यालाच भेटन. मुकादमाची उचल घेतलीय, दसरा झाला की गाडी भरायची. पुस्तकं संगं नेते. पण खरं सांगू का, मागल्या सालीबी नेली होती. पेटीतून काढलीच नाहीत."

ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. (बाहेरच्यांसाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाने आधीच दिलेली रक्कम. ती त्या जोडीला मिळते, त्यामुळे एकट्याने मागे राहता येत नाही.) आमच्या केंद्राची संपर्कसत्रं (समोरासमोरचे वर्ग) दिवाळीनंतर सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात. कारखान्याचा गळीत हंगाम साधारण तेव्हाच. म्हणजे आमचा वर्ग उघडतो तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात कुठल्या तरी उसाच्या फडात असते, आणि ती परत येते तेव्हा आम्ही परीक्षेच्या तयारीला लागलेलो असतो. हे वेळापत्रक कुणी वरून लादलेलं नाही, आम्हीच केंद्रात बसून ठरवलंय. माझीही सही आहे त्यावर. अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही याचं आज फार वाईट वाटतंय, कारण आमच्या हजेरीपटावर अशी ती एकटीच नाही.

मुक्त शिक्षणात वयाची अट सैल असते, रोजच्या हजेरीची अट नसते, घर सोडावं लागत नाही. एवढं केलं की शिक्षण शिकणाऱ्यापर्यंत पोचलं असं आपण धरून चालतो. पण अट काढून टाकणं वेगळं आणि त्या माणसाच्या दिवसाला अभ्यास बेतून देणं वेगळं. हे दुसरं काम कुणी करायचं? कसं करायचं? तिच्या हातात साधा स्मार्टफोन आहे. मी तिच्यासाठी नेमकं काय करू?

वस्तीची_गाडी (रविवार, रात्री ११.५५)

सर, मी एसटीत वाहक आहे. मुक्त विद्यापीठातूनच बीए केलं, तीनऐवजी पाच वर्षांत. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिल्या वर्षी मी सगळे विषय घेतले आणि सगळ्यांत आपटलो. दुसऱ्या वर्षी आमच्या केंद्रावरच्या मॅडमनी मला समोर बसवलं, कागद घेतला आणि विचारलं, "आठवड्याच्या ड्युट्या सांगा." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. आठवड्यातून तीन मुक्कामी गाड्या. वस्तीला गाडी लावली, जेवण झालं की रात्री नऊ ते साडेदहा मोकळे. साप्ताहिक सुट्टीला सकाळचे अडीच-तीन तास. बेरीज भरली सात-साडेसात तास. मग म्हणाल्या, एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या पुस्तकाला १२० तास. आठवड्याला सात तास असतील तर एका पुस्तकाला सतरा आठवडे. वर्षाला ३२ श्रेयांक धरले तर ९६० तास, म्हणजे आठवड्याला अठरा तासांच्या वर. "तुमच्याकडे सात आहेत, मग अठराचं ओझं का घेतलंत?"

तोवर मला वाटायचं आपलं डोकंच चालत नाही. त्या दिवशी कळलं की हा भागाकाराचा प्रश्न आहे. मी निम्म्याहून कमी विषय ठेवले आणि सगळे सुटले. इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) जुन्या बीएलाही कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं अशी मुभा होती. ती मुदत कशासाठी असते हे प्रवेशाच्या वेळी कुणीच सांगत नाही, सगळे तीन वर्षांचंच गणित धरतात.

तुमच्या विद्यार्थिनीचे तास मोजा. हंगामातले वेगळे, हंगामाबाहेरचे वेगळे. एप्रिल ते सप्टेंबर ती गावात असेल ना? तिचं खरं शैक्षणिक वर्ष ते आहे.

शेवटचे_पान (सोमवार, सकाळी ७.२०)

वस्तीची_गाडी, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

मी निवृत्त प्राध्यापक. दूरशिक्षणाच्या पुस्तकांसाठी घटकलेखन केलं आहे. आमच्यासारख्यांना पहिल्याच कार्यशाळेत सांगितलं जायचं की पाठ्यपुस्तक लिहू नका, समोर एक माणूस बसला आहे असं समजून लिहा. म्हणून त्या पुस्तकांचा साचा वेगळा असतो. आधी उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, थोडं विवेचन, लगेच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, उत्तरं घटकाच्या शेवटी. बाजूला रुंद समास, वाचणाऱ्याने लिहावं म्हणून. बोर्जे होल्मबर्ग या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने हाच विचार मांडला की छापील मजकूरसुद्धा शिकणाऱ्याशी संवाद करू शकतो. मायकेल मूर यांनी पुढे असं म्हटलं की दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात बोलणं किती होतं आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आहे, त्यावरून ते ठरतं. बोलणं कमी आणि चौकट ताठ असेल तर शेजारच्या गल्लीतला विद्यार्थीही दूरचाच.

पण एक कबूल करतो. लिहिताना डोळ्यांसमोर जो माणूस असायचा तो टेबलाशी बसलेला असायचा. दिवा असायचा, हातात पेन असायचं. फडातली बाई माझ्या डोळ्यांसमोर कधीच आली नाही.

सह्यकडा (सोमवार, सकाळी ९.०५)

मी थोडं कडू बोलतो. स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो, मुक्तची पदवी घेतलेली शेकडो मुलं माझ्याकडे येतात. पोलिसांत असलेली, गॅरेजमध्ये राबणारी, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण निम्म्यांनी पुस्तकाचं पॅकेट फोडलेलं नसतं. मी स्वतः एका केंद्रातून (नाव घेत नाही) एक पदविका केली. वर्षभरात एकही सत्र झालं नाही. गृहपाठाच्या तयार वह्या बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळायच्या. मी एकदा मेहनतीने स्वतःच्या शब्दांत लिहून दिला, त्यालाही तेवढेच गुण आणि उतरवलेल्यालाही तेवढेच. कुणी वाचलाच नव्हता.

तेव्हा "प्रत्येकाच्या सोयीने शिक्षण" म्हणताना सोय कशाची करतोय ते आधी ठरवा. शिकण्याची की पास होण्याची? विद्यार्थ्याला सवलत हवी असते, बरोबर. पण कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचतंय हेही त्याला हवं असतं. ते मिळालं नाही की पोरगा प्रामाणिकपणा सोडून देतो. मी सोडला नाही, पण त्या वर्षी फार जवळ आलो होतो.

दूरदेशी (सोमवार, दुपारी २.३०)

सह्यकडा, तुमचा मुद्दा अगदी वर्मावर आहे. मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ राहते आणि काही वर्षं ओपन युनिव्हर्सिटीसाठी अर्धवेळ शिकवलं आहे. या विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली, १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. बाहेर त्याची ओळख बीबीसीवरच्या पहाटेच्या व्याख्यानांमुळे, पण ती व्याख्यानं २००६ मध्येच थांबली. विद्यापीठ थांबलं नाही, कारण त्याचा कणा वेगळा होता: घरून लिहून पाठवलेला स्वाध्याय आणि त्यावर शिक्षकाने लिहिलेली टिपणी.

तिथे स्वाध्याय तपासणं हेच शिकवणं मानतात. आणि तपासणाऱ्याचंही तपासलं जातं. मी दिलेल्या शेऱ्यांपैकी काही नमुने एक ज्येष्ठ सहकारी वाचायचे आणि मला कळवायचे की इथे गुण बरोबर दिलेत, पण विद्यार्थ्याला पुढे काय करायचं ते सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी मला ते फार लागलं. नंतर सवय झाली: आधी उत्तरात काय साधलंय ते लिहायचं, मग काय राहिलंय ते, आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त तो विद्यार्थीच देऊ शकेल. माझ्याकडे एकाच गटात ट्रकचालक, निवृत्त परिचारिका आणि तुरुंगातला एक तरुण असे तिघे होते. पुस्तक तिघांनाही एकच. तिघांचं शिक्षण वेगळं झालं ते समासातल्या त्या प्रश्नांमुळे.

पाटकरी सर, तिचे आधीचे गृहपाठ आहेत का तुमच्याकडे? काढून बघा.

मेथीचीजुडी (सोमवार, सायंकाळी ६.१५)

विषय थोडा बाजूचा आहे पण लिहिते. माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे. अक्षरं जागची हलतात त्याच्यासाठी. नववीत शाळेने हात टेकले. नातेवाईक म्हणाले, १७ नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून बसव. पण मग सगळे विषय एकदम आले असते, तेच ओझं पुन्हा.

आम्ही एनआयओएस घेतलं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला पाच विषय पास व्हायचे, पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सुटलेल्या विषयाचे गुण जमा राहतात. गणित सक्तीचं नाही. त्याने चित्रकला घेतली, गृहविज्ञान घेतलं. पहिल्या खेपेला एकच विषय दिला आणि सुटला. निकाल कळला त्या दिवशी त्याने तो कागद उशाखाली ठेवला होता. सहा वर्षं ज्याने फक्त लाल शेरे पाहिले, त्याला एका विषयाचं पास होणं केवढं असतं हे मी आई म्हणून सांगते.

मात्र मोकळीक मिळाली की घसरगुंडीही होते. "पुढच्या वेळी देऊ" असं म्हणत आम्ही एक अख्खं वर्ष घालवलं. शेजारच्या एक निवृत्त बाई दर बुधवारी चार वाजता येऊन बसू लागल्या तेव्हा गाडी रुळावर आली. त्या फार शिकवायच्या नाहीत. यायच्या, बसायच्या, "कुठवर आलास?" एवढंच विचारायच्या.

स्पर्शरेषा (सोमवार, रात्री ८.५०)

मेथीचीजुडी ताई, बुधवारच्या बाईंना सलाम.

मी पूर्ण अंध आहे, दूरशिक्षणाने एमए करतोय. लेखनिक मिळतो, परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. अडतं ते परीक्षेच्या आधी. एका विषयाचं पुस्तक मला पीडीएफ म्हणून मिळालं. फोनवर आनंदाने उघडलं, स्क्रीन रीडर सुरू केला, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा ऐकू आला. मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, जुन्या फॉन्टमध्ये होता. डोळस माणसाला पानावर सुंदर मराठी दिसतं, माझ्या यंत्राला त्यात एकही मराठी अक्षर सापडत नाही. शेवटी माझ्या बहिणीने दोन महिने रोज रात्री वाचून रेकॉर्ड केलं. कुकरच्या शिट्ट्यांसकट माझा अख्खा अभ्यासक्रम तिच्या आवाजात आहे.

त्या अनुभवावरून सर, तिच्यासाठी रेकॉर्डिंग करा. पण पुस्तक जसंच्या तसं वाचू नका. कानाने शिकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. एका फाइलमध्ये एकच मुद्दा, पाच-सहा मिनिटं. सुरुवातीला घटक आणि पान क्रमांक सांगा. शेवटी एक प्रश्न विचारा आणि थोडं थांबा. ती शांतता महत्त्वाची, तेवढ्यात माणूस मनात उत्तर देतो.

फडकरी (मंगळवार, पहाटे ५.१०)

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आईबापाबरोबर कोपीवर (तोड मजुरांच्या झोपडीत) वाढलो, आता जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सरांचा धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

काही गोष्टी सांगतो, राग मानू नका. तिला संध्याकाळी मोकळं समजू नका. उजाडायच्या आत फडात जायचं, दिवसभर तोड, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी भरायला बोलावणं रात्री बारालाही येतं नि दोनलाही. मग चूल, धुणं, पाणी. माझी आई बसली की झोपायची. त्यामुळे "रोज आठ वाजता तास" असलं काही करू नका, तिसऱ्या दिवशी ती लाजेने फोन बंद करील.

दुसरं, फोनचं चार्जिंग. कोपीवर वीज नसते. गावातल्या दुकानात पैसे देऊन चार्ज करतात किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावतात. व्हिडिओ पाठवलात तर ती उघडणारच नाही. आवाजाची लहान फाइल ठीक. मोळी बांधताना फोन कमरेला खोचून बाया गाणी ऐकतात, तसं ऐकता येईल. ऊस तोडताना मात्र नको, कोयता चालू असतो.

तिसरं, तिच्या नवऱ्याशी एकदा बोला. आणि जमलं तर मुकादमाशीही. ही बाई परीक्षेला बसणार आहे हे टोळीला माहीत असलं की मे महिन्यात तिला कुणी अडवत नाही. माहीत नसलं की "आणखी आठ दिवस थांबा" म्हणत पेपर जातो. माझ्या चुलतबहिणीचा असाच गेला.

पाटकरी (मंगळवार, रात्री १०.१५)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फडकरी, रागाचं काय, तुम्ही एका पोस्टमध्ये मला जे दिलंत ते अकरा वर्षांत मला कुणाला विचारायचं सुचलं नाही.

दूरदेशी ताईंनी सांगितलं तसे तिचे मागच्या वर्षीचे गृहपाठ काढले. एक प्रश्न होता, "हंगामी स्थलांतराची कारणे स्पष्ट करा." तिचं उत्तर गाईडमधलं, पाच मुद्दे, मोत्यासारखं अक्षर. खाली माझ्या हातची लाल बरोबरची खूण आणि १४/२०. जी मुलगी दर वर्षी स्वतः स्थलांतर करते तिने स्थलांतराची कारणं गाईडमधून उतरवली आणि मी त्यावर खूण केली. बराच वेळ ते पान बंद करवेना.

आज तिला बोलावून ते पान परत दिलं. समासात लिहिलं: "पाऊस चांगला झाला त्या वर्षी तुमच्या गावातून कमी कोयते जातात का? घरोघर आठवून लिहा." ती वाचून म्हणाली, "हे लिहिलं तर चालतं का परीक्षेत?" म्हटलं, हेच तर लिहायचं असतं. तिथेच ओट्यावर बसून तिने गल्लीतली घरं बोटांवर मोजायला सुरुवात केली. कोण जातं, कोण जायचं थांबलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून थांबलं, कुणाची उचल फिटली नाही म्हणून पाऊस होऊनही गेलं. उचलीचा हा मुद्दा गाईडात नव्हता. माझ्या डोक्यातही इतका स्पष्ट नव्हता.

मग वस्तीची_गाडी यांच्या मॅडमसारखा कागद घेतला. हंगामात रोज अर्धा तास, तोही ऐकण्याचाच. हंगामाबाहेर रोज दोन तास. बेरीज पाहून या वर्षी निम्मेच विषय ठेवायचे ठरवलं. ती आधी हिरमुसली, पण तास मांडून दाखवल्यावर मान्य झाली. केंद्रसंयोजकांशीही बोललो. हंगामाला जाणाऱ्यांसाठी पुढच्या वर्षी जुलै ते सप्टेंबर अशी वेगळी सत्रं घ्यायला ते तयार आहेत.

सह्यकडा (मंगळवार, रात्री ११.००)

सर, माझं कडू बोलणं मागे घेत नाही, पण असं केंद्र मला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. जुलैत दोन रविवार येऊन तुमच्या मुलांना उत्तरलेखन शिकवीन. प्रवासखर्च नको.

शेवटचे_पान (बुधवार, सकाळी ६.५०)

सर, अर्थशास्त्राच्या घटकांची ध्वनिफितीसाठी पाच-पाच मिनिटांची टिपणं करून देतो. या वयात आवाज बसतो, त्यामुळे रेकॉर्ड तुम्हीच करा. आणि जाता जाता एक आठवण. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू होते राम ताकवले. बारावी न झालेल्यांनाही पदवीची वाट मिळावी म्हणून तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. आमच्या पिढीतल्या अनेकांना ते अति वाटलं होतं, मलाही. त्या वाटेने आलेल्या एका शेतकऱ्याच्या उत्तरपत्रिकेने माझं मत बदललं. पीककर्जावर त्याने जे लिहिलं होतं ते मी पुढे वर्गात शिकवलं.

पाटकरी (दिवाळीनंतर, गुरुवार, सकाळी ६.३०)

धागा वर काढतोय. ती गेल्या महिन्यात ऊसतोडीला गेली. आतापर्यंत अकरा फाइल पाठवल्या, शेवटचे_पान सरांच्या टिपणांवरून. कधी लगेच ऐकल्याची खूण येते, कधी चार दिवसांनी. फडकरींचं ऐकून वेळेची अट ठेवलीच नाही. दर बुधवारी फक्त एक निरोप पाठवतो, "कुठवर?" (मेथीचीजुडी ताई, तुमच्याकडून घेतलंय.)

आज पहाटे २.५० ला तिचा आवाजी निरोप आलाय. मागे ट्रॅक्टर चालू आहे आणि बायांचं बोलणं ऐकू येतंय. म्हणते, "सर, गाडी भरून झाली. रोजगार हमीचा घटक ऐकला. तुम्ही म्हणलात कायदा १९७७ चा. पुस्तकात एका पानावर १९७७ आहे आन् पुढं १९७९ लिहिलंय. माझं चुकतंय का पुस्तकाचं?"

पुस्तक तिने पेटीतून काढलंय! शेवटचे_पान सर, मी उत्तर देईन, पण तुम्ही एकदा बघाल का?

शेवटचे_पान (गुरुवार, सकाळी ७.०५)

तिचंही चुकलेलं नाही आणि आकडेही चुकलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांमधून योजना वाढली, कायदा १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. पण हे पुस्तकाने त्याच जागी एका ओळीत सांगायला हवं होतं. असा घटक मी लिहिला असता तर माझ्याकडूनही ती ओळ राहिली असती. दुरुस्ती कळवण्यासाठी मला पान क्रमांक द्या, आणि शंका कुणी काढली तेही पत्रात लिहू द्या.

पाटकरी (गुरुवार, सकाळी ७.२०)

तिची परवानगी विचारतो. पान क्रमांक तिनेच सांगितला होता, ट्रॅक्टरच्या आवाजात मला नीट ऐकू आला नव्हता. ५२ आणि ५८. कॉलेजला जायच्या आधी उत्तर रेकॉर्ड करून पाठवतो.